ॲडिनोसीन व अफूजन्य वेदनाहरण

ॲडिनोसीन हे शरीरातील सर्व कोशिकांमध्ये तयार होणारे एक प्यूरीन न्यूक्लिओसाइड आहे. मॉर्फीन व तत्सम अफूजन्य औषधांच्या वेदनाहारक क्रियेचा काही भाग, विशेषतः या औषधांची मेरुरज्जूत घडणारी क्रिया, ॲडिनोसिनाच्या मध्यस्थीने घडून येते. ॲडिनोसिनाच्या ग्राहींना (विशिष्ट रेणू ओळखून त्यास बद्ध होणाऱ्या कोशिकेतील प्रथिनांना) उद्दीपित करणारी संयुगे मॉर्फिनाचे कार्य वाढवितात, तर ते ग्राही अडवून धरणारी कॅफीन व थिओफायलीन यांसारखी संयुगे पुष्कळ प्रयोगांत ते कमी करतात. तीव्र वेदनेवर मॉर्फिनाइतके भरवशाचे दुसरे औषध क्वचितच आढळते. तथापि श्वसनाचा अवसाद (मंदावणे), दीर्घ वापराने येणारी सह्यता (पूर्वीच्या मात्रेचा परिणाम कमी होणे), औषधावरील अवलंबन आणि तंत्रिकांच्या इजेतून उद्‌भवणाऱ्या वेदनेवर पडणारा अपुरा प्रभाव हे त्याचे मोठे दोष आहेत. मॉर्फिनाचे कार्य ज्या साखळीतून घडते तिच्यातील पुढचा दुवा ओळखून त्यावरच औषध योजता आले, तर हे दोष टाळता येतील काय, हा या विषयातील मुख्य व्यावहारिक प्रश्न आहे.

रासायनिक स्वरूप व निर्मिती : ॲडिनीन हा प्यूरीन क्षारक आणि रायबोज ही पाच कार्बन अणूंची शर्करा यांच्या संयोगाने ॲडिनोसीन तयार होते. त्याचे रेणुसूत्र का१०हा१३ना५ऑ४ असे असून रेणुभार सु. २६७ आहे. कोशिकेतील ऊर्जेचे चलन मानले जाणारे ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) व आनुवंशिक माहितीशी संबंधित न्यूक्लिइक अम्ले यांचा ॲडिनोसीन हा घटक होय. कोशिकेबाहेर आलेल्या एटीपीवर कोशिकापटलावरील एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची) क्रिया होऊन फॉस्फेट गट क्रमाक्रमाने सुटे होतात व शेवटी ॲडिनोसीन उरते. याखेरीज कोशिकेच्या आत तयार झालेले ॲडिनोसीन वाहक प्रथिनांच्या द्वारेही बाहेर पडते. ऑक्सिजनाचा तुटवडा, अतिश्रम वा इजा यांमुळे ऊतकातील (समान रचनेच्या कोशिकांच्या समूहातील) एटीपी खर्ची पडू लागले म्हणजे ॲडिनोसिनाचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्यामुळे कोशिकांची उत्तेजनक्षमता कमी होते व त्यांना एक प्रकारे विश्रांती मिळते.

बाहेर पडलेले ॲडिनोसीन अल्पजीवी असते. ते पुन्हा कोशिकेत ओढले जाते. तेथे ॲडिनोसीन कायनेज या एंझाइमामुळे त्याचे ॲडिनोसीन मोनोफॉस्फेटात रूपांतर होते किंवा ॲडिनोसीन डीॲमिनेज या एंझाइमामुळे त्यापासून आयनोसीन बनते. मानवी रक्तात त्याचे अर्धायुष्य दहा सेकंदांहूनही कमी असते. त्यामुळे ॲडिनोसीन हे दूरवर संदेश नेणारे हॉर्मोन नसून जेथे निर्माण होते त्याच परिसरात कार्य करणारे द्रव्य ठरते. या स्थानिकतेचे महत्त्व पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

ग्राही : ॲडिनोसिनाच्या शरीरक्रियाविज्ञानीय परिणामांचे पहिले महत्त्वाचे वर्णन ॲलन ड्रुरी व आल्बेर्ट सेंट-ड्यॉर्ड्यी यांनी केंब्रिज येथे १९२९ मध्ये केले. ॲडिनीन संयुगांमुळे सस्तन प्राण्यांच्या हृदयाची गती मंदावते, असे त्यांना आढळले. तंत्रिका तंत्रात प्यूरीन संयुगे संदेशवाहक म्हणून कार्य करतात, ही कल्पना जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडली. त्यांनीच १९७८ मध्ये ॲडिनोसिनास प्रतिसाद देणारे ग्राही आणि एटीपीस प्रतिसाद देणारे ग्राही असे दोन वर्ग सुचविले. ॲडिनोसिनाच्या ग्राहींचे ए१, ए२ए, ए२बी व ए३ असे चार प्रकार आता निश्चित झाले आहेत. त्यांपैकी ए१ व ए३ हे कोशिकेतील ॲडिनिलेट सायक्लेज या एंझाइमाचे कार्य रोखतात, तर ए२ए व ए२बी ते वाढवितात. या एंझाइमामुळे चक्रीय ॲडिनोसीन मोनोफॉस्फेट (चक्रीय एएमपी) तयार होते व ते कोशिकेच्या आत दुय्यम संदेशवाहक म्हणून काम करते. एकाच द्रव्याचे परस्परविरोधी परिणाम का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या ग्राहिभेदात आहे.

वेदनेच्या दृष्टीने ए१ ग्राही विशेष महत्त्वाचे आहेत. मेरुरज्जूच्या पश्च शृंगातील (करड्या द्रव्याच्या मागील भागातील) वरच्या थरांत ते दाटीने आढळतात. ते उद्दीपित झाले म्हणजे संवेदी तंत्रिकांच्या अग्रांत कॅल्शियम आयनांचा (विद्युत् भारित अणूंचा) प्रवेश घटतो व त्यामुळे ग्लुटामेटासारख्या उत्तेजक द्रव्यांचे स्रवण कमी होते. शिवाय पुढील कोशिकेतील पोटॅशियम आयनांचे मार्ग उघडून ती कोशिका सहजासहजी उत्तेजित होईनाशी होते. मॉर्फीन ज्यांवर कार्य करते त्या म्यू प्रकारच्या ग्राहींचे परिणामही याच स्वरूपाचे असतात. दोहोंची कोशिकेच्या आतील यंत्रणाही एकाच गटातील प्रथिनांवर (निरोधक जी-प्रथिनांवर) अवलंबून असते.

मॉर्फिनाचे कार्यस्थान : त्वचा, सांधे वा अंतस्त्ये (शरीराच्या पोकळ्यांतील इंद्रिये) यांतील वेदनासंवेदना बारीक तंत्रिकातंतूंवाटे मेरुरज्जूच्या पश्च शृंगात येते. तेथून ती दुसऱ्या तंत्रिका कोशिकांच्या द्वारे मेंदूकडे जाते. उलट दिशेने, मस्तिष्क स्तंभातून मेरुरज्जूकडे उतरणारे काही तंत्रिकामार्ग या संवेदनेवर नियंत्रण ठेवतात. या अवरोही मार्गांत सेरोटोनीन व नॉरॲड्रेनॅलीन ही द्रव्ये स्रवतात. अफूजन्य द्रव्यांचे ग्राही मेंदूत असल्याचे १९७३ मध्ये सिद्ध झाले व १९७५ मध्ये जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टरलिट्स यांनी शरीरातच तयार होणारी एन्केफॅलिने शोधून काढली. टोनी यॅक्श व टॉमस रूडी यांनी १९७६ मध्ये उंदरांच्या मेरुद्रवात मॉर्फीन घालून केवळ मेरुरज्जूच्या पातळीवरही वेदनाहरण घडते असे दाखविले. १९७९ पासून ही पद्धत मानवी रुग्णांतही वापरली जाऊ लागली. अशा रीतीने मॉर्फीन निदान दोन ठिकाणी कार्य करते : एक, मेरुरज्जूत प्रत्यक्ष आणि दोन, मेंदूत राहून अवरोही मार्गांच्या द्वारे. या दोन्ही ठिकाणांहून निघणाऱ्या वाटा मेरुरज्जूत जेथे एकत्र येतात तेथे ॲडिनोसिनाचा संबंध येतो.

संबंधाचा शोध : चहा, कॉफी व कोको यांतील झँथीन वर्गातील कॅफीन, थिओफायलीन व थिओब्रोमीन ही द्रव्ये फॉस्फोडायएस्टरेज हे एंझाइम रोखून चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवितात, असे मानले जात असे. आय. के. हो, होरेस लोह व ई. लिआँग वे यांनी १९७३ मध्ये चक्रीय एएमपीमुळे मॉर्फिनाचे वेदनाहरण कमी होते असे दाखविले. इंग्लंडमध्ये एच. ओ. जे. कॉलियर व त्यांचे सहकारी यांना १९७४ च्या सुमारास मेंदूच्या ऊतकात मॉर्फीन चक्रीय एएमपीची निर्मिती रोखते असे आढळले. तसेच झँथीन द्रव्ये दिलेल्या प्राण्यांत मॉर्फीन तोडल्यावर दिसतात तशी लक्षणे उत्पन्न होतात, असेही त्यांना दिसून आले. त्यामुळे झँथीन द्रव्यांचा मॉर्फीनविरोध हा चक्रीय एएमपीच्या वाढीमुळेच होतो, असा समज प्रथम रूढ झाला.

तथापि आल्बर्ट सॅटिन व थिओडोर रॉल यांनी १९७० मध्येच एक वेगळी बाब नोंदवून ठेवली होती. मेंदूच्या चकत्यांवर ॲडिनोसिनाचा जो परिणाम होतो तो झँथीन द्रव्ये थेट अडवितात, ही ती बाब होय. पुढे असे दिसून आले की, फॉस्फोडायएस्टरेज रोखण्यास कॅफिनाची संहती (विद्रावातील प्रमाण) फार मोठी लागते. याउलट नेहमीच्या पेयपानाने शरीरात जेवढे कॅफीन येते तेवढे ॲडिनोसिनाचे ग्राही अडविण्यास पुरेसे असते. म्हणजेच एकाच निरीक्षणाचे आता निराळे स्पष्टीकरण देणे शक्य झाले.

कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात याना सॉयनॉक व खेम झमंदास यांनी १९७६ मध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने निर्णायक ठरला. गिनीपिगाच्या लहान आतड्याच्या तुकड्यात तंत्रिकांना उद्दीपन दिले असता ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवते. मॉर्फीन व ॲडिनोसीन ही दोन्ही हे स्रवण कमी करतात आणि थिओफायलिनामुळे या दोहोंचाही परिणाम नाहीसा होतो, असे त्यांना आढळून आले. त्यावरून मॉर्फिनामुळे ॲडिनोसीन मुक्त होते व तेच पुढील कार्य करते, अशी उपपत्ती सुचली. बर्टिल फ्रेडहोम व एल. व्हेर्ने (१९७८), जॉन फिलिस व सहकारी आणि ट्रेव्हर स्टोन (१९८१) यांनी मॉर्फिनामुळे उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकातून प्यूरीन द्रव्यांचे स्रवण वाढते असे प्रत्यक्ष मोजून दाखविले व या उपपत्तीस आधार मिळाला.

मेरुरज्जूतील पुरावा : वेदनाहरणाच्या संदर्भात ही उपपत्ती तपासण्याचे काम १९८० ते १९९० या दशकात झाले. ॲडिनोसीनसदृश संयुगे मेरुद्रवात घातल्यास प्राण्यांची वेदनाप्रतिक्रिया मंदावते, हे क्लास पोस्ट यांनी १९८४ मध्ये व सॉयनॉक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये दाखविले. त्याच वर्षी गॅरी डीलँडर व कॅरल हॉपकिन्स यांनी लहान उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत मॉर्फीन दिले आणि मेरुरज्जूपाशी थिओफायलीन दिले. औषध मेंदूत असूनही त्याचे वेदनाहरण मेरुरज्जूतील थिओफायलिनामुळे घटले. अवरोही मार्गाच्या शेवटच्या टप्प्यावर ॲडिनोसीन कार्य करीत असले पाहिजे, असा याचा अर्थ होतो.

मायकेल स्वीनी, टॉमस व्हाइट व सॉयनॉक यांनी १९८७ पासून पुढे केलेल्या प्रयोगांत या साखळीचे दुवे एकेक करून जोडले गेले. उंदरांच्या मेरुरज्जूच्या पश्च भागापासून मिळविलेल्या तंत्रिकाग्रांवर मॉर्फीन टाकले असता ॲडिनोसीन बाहेर पडते. हे स्रवण कॅल्शियम आयनांवर अवलंबून असते व नॅलोक्सोन या मॉर्फीनरोधक औषधाने ते थांबते. मिरचीतील तिखट तत्त्व कॅप्सायसीन याच्या योगे बारीक वेदनावाहक तंतू आधीच निकामी केले, तर स्रवण पुष्कळ घटते. यावरून ॲडिनोसीन हे बव्हंशी वेदनेचा संदेश आणणाऱ्या तंतूंच्या अग्रांतूनच येते, असे ठरले. अवरोही मार्गातील सेरोटोनीनही याच अग्रांवर कार्य करून ॲडिनोसिनाचे प्रमाण वाढविते. मात्र दोहोंत एक फरक आहे. मॉर्फिनामुळे ॲडिनोसीन त्याच रूपात वाहक प्रथिनांच्या द्वारे बाहेर पडते, तर सेरोटोनिनामुळे चक्रीय एएमपी बाहेर पडून कोशिकेबाहेर त्याचे ॲडिनोसिनात रूपांतर होते. मेरुरज्जूत प्रत्यक्ष दिलेले मॉर्फीन आणि मेंदूतून अवरोही मार्गाने येणारा त्याचा प्रभाव या दोन वेगळ्या वाटा अशा प्रकारे ए१ ग्राहींपाशी एकत्र येतात.

औषध देण्याच्या मार्गाचे महत्त्व : वरील साखळी मॉर्फिनाच्या सर्वच कार्याचे स्पष्टीकरण देत नाही. ए१ ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या लहान उंदरांवर स्वीडनमध्ये प्रयोग करण्यात आले. अशा उंदरांत उष्णतेची वेदना नेहमीपेक्षा अधिक तीव्र असते व मेरुद्रवात दिलेल्या ॲडिनोसिनाचा वेदनाहारक परिणाम दिसत नाही, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ मधील अभ्यासात त्यांना मेरुद्रवातून दिलेल्या मॉर्फिनाचा परिणाम घटलेला आढळला. परंतु शरीरात सर्वत्र पसरेल अशा रीतीने दिलेल्या मॉर्फिनाचा परिणाम मात्र कायम होता. त्यांच्या मेरुरज्जूतील म्यू ग्राहींची बंधनक्षमता कमी झालेली नव्हती. म्हणजे उणीव मॉर्फिनाच्या ग्राहीत नसून त्यानंतरच्या दुव्यात होती.

मानवातही याला पूरक असे निरीक्षण मिळाले आहे. अमेरिकेतील जेम्स आयझेनॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मस्तिष्क-मेरुद्रवातील ॲडिनोसीन मोजले. मेरुद्रवात अफूजन्य औषध दिल्यावर त्याचे प्रमाण वाढते, पण शिरेवाटे दिल्यावर वाढत नाही, असे त्यांना आढळले. ॲडिनोसिनाचा वाटा हा मुख्यतः मेरुरज्जूच्या पातळीवरील मॉर्फीनक्रियेत आहे, असा निष्कर्ष या दोन्ही अभ्यासांवरून निघतो. झँथीन द्रव्यांमुळे मॉर्फिनाचे वेदनाहरण काही प्रयोगांत घटते, तर काहींत घटत नाही, या विसंगतीचा बराचसा उलगडाही त्यामुळे होतो. मात्रा, द्रव्य आणि विशेषतः देण्याची जागा वेगळी असली की निष्कर्षही वेगळा येतो.

परिघीय विरोधी क्रिया : मेरुरज्जूत वेदना शमविणारे ॲडिनोसीन शरीराच्या परिघीय भागात वेदना उत्पन्नही करू शकते. शिरेवाटे ॲडिनोसीन दिलेल्या व्यक्तीस हृदयशूलासारखी छातीतील कळ जाणवते. स्वीडनमधील क्रिस्टर सिल्व्हेन यांनी १९८६ पासून या घटनेचा अभ्यास केला. संवेदी तंत्रिकांच्या परिघीय अग्रांवरील ए२ गटाच्या ग्राहींमुळे वेदनेची संवेदनशीलता वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. कॅथरीन लेदाँ व सहकारी यांनी १९९७ मध्ये ए२ए ग्राहीरहित लहान उंदीर निर्माण केले. त्यांना वेदना कमी जाणवत असे. ए१ ग्राहीरहित उंदरांच्या नेमकी उलट अशी ही स्थिती आहे. म्हणून ‘ॲडिनोसीन वेदनाहारक आहे’ असे सरसकट विधान करता येत नाही. ग्राहीचा प्रकार व स्थान सांगितल्यावाचून ते अपुरे राहते.

कॅफीन व थिओफायलीन : ही दोन द्रव्ये बहुसंख्य लोकांच्या नित्य संपर्कात असल्याने त्यांचा येथे स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. थिओफायलीन व त्यापासून बनविलेले ॲमिनोफायलीन ही दम्यावरील जुनी औषधे होत. कॅफीन चहा-कॉफीत तर असतेच, परंतु डोकेदुखीवरील पुष्कळ मिश्र गोळ्यांतही ते ॲस्पिरीन वा पॅरासिटॅमॉल यांच्या जोडीस असते. १०० मिग्रॅ. वा अधिक कॅफीन जोडीस दिल्यास समाधानकारक वेदनाशमन होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ५ ते १० ने वाढते, असे चिकित्सालयीन चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणावरून दिसून आले आहे. ए२ गटाचे ग्राही अडविले जाणे, डोक्यातील रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि मनाची तरतरी अशी याची वेगवेगळी कारणे सुचविली गेली आहेत.

प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र अल्प मात्रेतील कॅफीन मॉर्फीन व पॅरासिटॅमॉल या दोहोंच्याही वेदनाहरणास बाध आणते. ए१ ग्राही अडविले जाणे हे त्याचे कारण होय. प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना अफूजन्य औषधांबरोबर कॅफीन देऊन केलेल्या लहान चाचण्यांत वेदना किंचित कमी झाल्याचे दिसले. यावरून तोंडावाटे वा शिरेवाटे अफूजन्य औषध घेणाऱ्या रुग्णाने चहा-कॉफी वर्ज्य करावी, असा नियम सांगण्यास आधार नाही. तथापि मेरुद्रवातील मॉर्फीन, थिओफायलिनाची चालू मात्रा किंवा वेदनाविषयक चाचण्या यांच्या बाबतीत झँथीन द्रव्यांच्या सेवनाची नोंद घेणे इष्ट ठरते.

श्वसनावरील परिणाम हा या संबंधाचा दुसरा पैलू आहे. ॲडिनोसीन श्वसनकेंद्राचे कार्य मंदावते व झँथीन द्रव्ये ते वाढवितात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील श्वसनखंडावर कॅफीन दिले जाते. कोडीन व मॉर्फीन यांच्या श्वसनावसादास कॅफीन काही प्रमाणात विरोध करते, असे जे. वेल्डन बेलव्हिल व सहकारी यांनी १९६२ मध्ये दाखविले होते. तथापि अफूजन्य औषधाच्या विषबाधेत नॅलोक्सोन हेच खात्रीचे प्रतिविष होय. कॉफी पाजणे हा त्यास पर्याय नव्हे.

तंत्रिकाजन्य वेदना व सह्यता : अपघात, मधुमेह, नागीण किंवा शस्त्रक्रिया यांमुळे तंत्रिकेस इजा झाली असता हलक्या स्पर्शानेही वेदना होऊ लागते. अंगावरचा कपडा घासला तरी कळ उठते. अशा वेदनेवर मॉर्फीन बहुधा कमी पडते. तंत्रिका बांधून इजा केलेल्या उंदरांच्या मेरुरज्जूतून मॉर्फिनामुळे होणारे ॲडिनोसिनाचे स्रवण घटलेले असते, असे आयझेनॅक यांच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये आढळून आले. त्यापूर्वी १९९९ मध्ये पॅट्रिशिया लाव्हांदोम व आयझेनॅक यांनी अशाच उंदरांत मॉर्फिनाबरोबर मेरुद्रवात ॲडिनोसीन दिले असता स्पर्शवेदनेवरील मॉर्फिनाचा परिणाम वाढतो, असे दाखविले होते. शरीरातील ॲडिनोसिनाचा ऱ्हास रोखला तरीही हाच परिणाम मिळतो. साखळीतील तुटलेला दुवा बाहेरून पुरविला, तर मॉर्फीन पुन्हा कार्यक्षम होते, असा याचा आशय आहे.

सह्यतेच्या बाबतीतही तसेच काहीसे घडत असावे. दानिएला साल्वेमिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दीर्घकाळ मॉर्फीन दिलेल्या प्राण्यांच्या मेरुरज्जूत ए३ ग्राहींद्वारे होणारी ॲडिनोसिनाची संदेशवहनक्रिया क्षीण होते. ए३ ग्राहींना उद्दीपित करणारी संयुगे बरोबर दिल्यास सह्यता, मॉर्फीनजन्य अतिवेदना व औषध बंद केल्यावरची लक्षणे ही सौम्य होतात.

चिकित्सेतील उपयोग : ॲडिनोसीन हे औषध म्हणून नवे नाही. हृदयाच्या काही प्रकारच्या अतिजलद स्पंदनांवर ते शिरेवाटे झटकन दिले जाते. वेदनाहरणासाठी मात्र त्याचा उपयोग प्रायोगिक अवस्थेतच राहिला आहे. ए१ ग्राहींवर कार्य करणारे एक संयुग १९९५ मध्ये स्वीडनमध्ये तंत्रिकाजन्य वेदनेच्या एका रुग्णास मेरुद्रवातून देण्यात आले असता स्पर्श व कंपने यांमुळे होणारी वेदना थांबली. त्याच देशात १९९८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना मेरुद्रवातून ॲडिनोसीन देण्यात आले व १९९९ मध्ये तंत्रिकाजन्य वेदनेच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. वाढलेली संवेदनशीलता व स्पर्शवेदना ही कमी झाली. साध्या तात्कालिक वेदनेवर मात्र विशेष परिणाम दिसला नाही. काही व्यक्तींना कंबरेत थोडा वेळ कळ आली. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेवाटे ॲडिनोसीन देऊन नंतरची अफूजन्य औषधांची गरज कमी करण्याच्या प्रयत्नांना आरंभी यश मिळाल्याचे वाटले. परंतु २००८ मधील मोठ्या नियंत्रित चाचणीत तसा लाभ आढळला नाही.

ए१ ग्राही सर्वत्र उद्दीपित झाल्यास हृदयगती मंदावते, रक्तदाब उतरतो व गुंगी येते. मेरुरज्जूत मात्रा वाढल्यास पायांतील शक्ती कमी होते. हे परिणाम टाळण्यासाठी तीन दिशांनी संशोधन चालू आहे. पहिली दिशा म्हणजे ॲडिनोसीन जेथे हवे तेथेच निर्माण करणे ही होय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील मार्क झायल्का व सहकारी यांनी २००८ मध्ये वेदनावाहक तंत्रिकांवरील एका एंझाइमाचे स्वरूप उलगडले. हे एंझाइम कोशिकेबाहेर ॲडिनोसीन निर्माण करते. लहान उंदरांच्या मेरुद्रवात त्याचे एकदा अंतःक्षेपण केले असता वेदनाहरण तीन दिवसांपर्यंत टिकले. मॉर्फिनाच्या एका मात्रेचा परिणाम सु. पाच तास टिकतो. दुसरी दिशा म्हणजे शरीरात आधीच असलेल्या ॲडिनोसिनाचे ए१ ग्राहीवरील कार्य वाढविणारी साहाय्यक संयुगे वापरणे ही होय. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा एका संयुगाची ग्राहीवरील बंधनजागा निश्चित केली. तंत्रिकाजन्य वेदनेत मेरुरज्जूतील ॲडिनोसीन वाढलेले असल्याने त्याचा प्रभाव तेथेच पडतो. तिसरी दिशा म्हणजे ए१ ग्राहीपासून निघणाऱ्या अनेक संदेशांपैकी निवडक संदेशच चालू करणारे संयुग शोधणे ही होय. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये असे एक संयुग प्रसिद्ध केले. उंदरांत त्यामुळे वेदना शमली, पण हृदयगती व श्वसन मंदावले नाही.

यांपैकी कोणतेही संयुग नित्याच्या वैद्यकीय व्यवहारात आलेले नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन व तत्सम औषधेच आजही मुख्य आधार आहेत. परंतु मॉर्फिनाच्या वेदनाहारक क्रियेत मेरुरज्जूत तयार होणारे ॲडिनोसीन हा एक पुढचा टप्पा आहे, हे ज्ञान दोन कारणांनी मोलाचे ठरते. एक तर मॉर्फीन कोठे व का अपुरे पडते याचे त्यावरून निदान करता येते. दुसरे म्हणजे ए१ ग्राहींचा मार्ग मॉर्फिनाच्या ग्राहींपासून वेगळा असल्याने सह्यता व व्यसनासक्ती यांचे ओझे न वाहता वेदनाहरण साधण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. मॉर्फिनाची मात्रा वाढवूनही ज्यांची वेदना शमत नाही, अशा रुग्णांच्या दृष्टीने या संशोधनाचे महत्त्व सर्वाधिक आहे.